वच्छलाचा गोविंद लॉजवरचा मुक्काम

लाखांदूरच्या पुढं चुलबंद नदीच्या अंगानं गेलं की खैरी लागते. तिथली वच्छला शहारे पंचेचाळिशीला आली, तरी माहेर, सासर आणि सोयऱ्याधायऱ्यांची लग्नघरं सोडून दुसरीकडं कुठं झोपली नव्हती. सकाळी झाडणं-सारवणं, मग धानाच्या बांधीत, दुपारपासून मांडीवर सूप घेऊन विड्या वळायच्या, आणि या सगळ्यात सासूचं, पार्वताबाईचं, दुखणंखुपणं. नवरा यादोराव महिन्यातले थोडेच दिवस घरी असायचा.

यादोराव मॅट्रिक झालेला. नागपूरच्या एका औषधी कारखान्याचा तो फिरता विक्रेता होता. दंतमंजन, बाम, लेकरांची गुटी असा माल रेल्वेनं वरठीच्या स्टेशनवर उतरायचा. तो सोडवून घ्यायचा आणि भंडारा, तुमसर, साकोली, गोंदियाच्या दुकानांत पोचवायचा, हे त्याचं काम. पेट्या ठेवायला आणि पाठ टेकायला त्यानं भंडाऱ्यात भर बाजारातलं गोविंद लॉज धरलं होतं.

ते त्यानं कसं धरलं, हे वच्छलानं लग्नानंतर लवकरच ऐकलं होतं. नोकरीच्या पहिल्या फेरीत एका दुसऱ्या लॉजवाल्यानं त्याला खोली दाखवली, दर सांगितला, मग पूर्ण नाव विचारलं. ‘शहारे’ म्हटल्याबरोबर जात कळली आणि त्याला आठवलं, की खोली कालच कुणाला तरी देऊन ठेवली आहे. डोक्यावर पेटी घेऊन यादोराव बाजारात पुढं चालत राहिला. गोविंद लॉजच्या पायरीवर मालक भैय्याजी पान लावत बसला होता. त्यानंही नाव विचारलं, ऐकलं, आणि पुढं एवढंच म्हणाला, “सकाळी आंघोळीले गरम पाणी लागते का थंड चालते?” त्या दिवसापासून यादोरावनं भंडाऱ्यात दुसऱ्या कुणाच्या पायरीवर पाय ठेवला नाही.

भैय्याजीनं पुढं आपल्या कायमच्या गिऱ्हाइकांसाठी एक रीत काढली. त्याच्या मेव्हण्याचा पितळी भांड्यांचा कारखाना होता. तिथल्या कातरणातून त्यानं रुपयाएवढे बिल्ले कापून घेतले, त्यावर ‘गो’ असं अक्षर ठोकून घेतलं. एका मुक्कामाला एक बिल्ला. बिल्ल्यांची ओंजळ भरली की भैय्याजीच्या टेबलावर ओतायची आणि एक दिवस फुकट राहायचं. बाकीचे फिरते लोक ते मिळेल तसे उडवून टाकायचे. यादोरावचं भाडं कारखाना देत होता, म्हणून त्याला ते कधी लागले नाहीत. ते त्याच्या ट्रंकेत एका मोज्यात साठत गेले.

पंच्याऐंशी साली धान कापून झाल्यावर यादोराव एकदा घरी आला तो विचारात पडलेला. पायाच्या दुखण्यानं त्यानं नोकरी सोडायचं ठरवलं होतं. जेवता जेवता तो म्हणाला, “भैय्याजीचे पोरं नागपूरले राह्यतात. लॉज इकून टाका म्हणून मागं लागले आहेत त्याच्या. आता बंद होईन ते, आज ना उद्या.”

“होऊ द्या,” वच्छला म्हणाली. “आपल्याले काय करायचं हाये?”

“चाल ना. तुले नेतो भंडाऱ्याले. बिल्ले आहेत माह्याजवळ, दोघांचे चार दिवस तरी निंगतीन.”

“अन् मी काय करू तिथं?”

“काईच नाई करायचं. तेच तर म्हणून राहिलो.”

वच्छलानं ताटातली भाजी सारखी केली. तिला ‘हो’ म्हणायचं नव्हतं, आणि ‘नाही’ म्हणायला कारण सापडत नव्हतं. खरी गोष्ट अशी होती, की त्या लॉजचं नाव काढलं की तिच्या पोटात जुना राग हलायचा.

त्र्याहत्तरच्या पावसाळ्यात वच्छला दिवसात होती. चुलबंदला पूर आलेला, रस्ते तुटलेले. वेळ भरली तशी दाई आली, पण मूल आडवं. शेवटी शेजारच्या चिंधूनं आणि त्याच्या भावांनी तिला बाजेवर घातलं आणि छातीएवढ्या पाण्यातून लाखांदूरच्या डॉक्टरकडं नेलं. बाज डोक्यांवर धरलेली, वरून पाऊस, आणि सासू काठावर उभी राहून हंबरडा फोडते आहे, एवढंच तिला आठवत होतं. मुलगी झाली, दोघी वाचल्या. यादोरावचा पत्ता नव्हता. बारसं त्याच्याशिवाय झालं, चंद्रकला नाव ठेवलं. तो आला तेव्हा पूर ओसरून रोवण्याची धानं हिरवीगार झाली होती. अंगानं निम्मा झालेला आणि डोकं साफ भादरलेलं.

“गोंदियाकडे पुरात अडकलो होतो,” तो म्हणाला. “केसाइत उवा झाल्या, म्हणून काढून टाकले.”

वच्छलानं त्याला पाणी दिलं, जेवायला वाढलं, आणि पुढचे कितीतरी दिवस कामापुरतं सोडून ती त्याच्याशी बोलली नाही. मग संसार चालू लागला, बोलणंही सुरू झालं. पण आपण मरणाच्या दारात असताना हा माणूस लॉजच्या खाटेवर आरामात पडला होता, हे तिच्या मनातून गेलं नाही. गोंदियाचं तिनं कधीच खरं मानलं नव्हतं.

तरी ती गेली. चंद्रकला बारा वर्षांची झाली होती, आजीजवळ राहायला तयार होती. तीच मागं लागली, “जाय ना आई, जाय.” पवनी, अड्याळ करत एसटी भंडाऱ्याला पोचली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं.

लॉज पाहून वच्छलाची निराशाच झाली. इतकी वर्षं जे ऐकलं, त्यावरून तिनं मनात काहीतरी मोठं बांधून ठेवलं होतं. हे तर दोन मजली, पोपडे निघालेलं घर. खाली एका बाजूला सायकलचं दुकान, दुसऱ्या बाजूला भांड्यांचं. लाकडी जिना असा करकरायचा, की कोण आलं, कोण गेलं ते बाजाराला कळावं. वर लांब गॅलरी, तिच्या टोकाला सगळ्यांची मिळून एक न्हाणी. खोलीतली लाल फरशी चरे पडून कासवाच्या पाठीसारखी झालेली. आरशातला पारा उडालेला, त्यात नाक दिसलं तर कपाळ दिसायचं नाही. पंख्याचं बटण दाबलं तर तो नुसता गुणगुणत बसायचा. कोपऱ्यात त्यासाठीच काठी ठेवलेली होती, काठीनं पात्याला ढकललं की मग फिरायचा. यादोरावनं ते इतक्या सफाईनं केलं, की वच्छलाला हसू आलं.

“एवढ्यासाठी आणलं मले?” ती म्हणाली.

“खिडकी तर उघड.”

खिडकीखाली सगळा बाजार पसरला होता. मागच्या गल्लीतून पितळ ठोकण्याचा आवाज येत होता. एक थांबला की दुसरा सुरू, जणू घरंच्या घरं एकमेकांशी बोलत होती. वच्छला खिडकीच्या दांडीला धरून उभी राहिली ती राहिलीच. कुणी हाक मारणार नव्हतं, चुलीवर काही नव्हतं, सुपात तेंदूची पानं वाट पाहत नव्हती. नोकरानं चहा आणला. कपबशीत, वर साय आलेला. बसल्याजागी दुसऱ्याच्या हातचा चहा तिनं याआधी कधी प्यायला, ते तिला आठवेना.

दुसऱ्या दिवशी पहाटेच तिचे डोळे उघडले. यादोराव घोरत होता. सवयीनं तिनं केरसुणी शोधली, खोली झाडली, गॅलरीही झाडून काढली आणि बादली घेऊन फरशी पुसायला बसली. तेवढ्यात एक ठेंगणी, पांढऱ्या केसांची बाई जिना चढून आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“काय बाई, माह्या पोटावर पाय द्याले आल्या काय?”

ही निर्मलाबाई. लॉजच्या खोल्या झाडणं, चादरी धुणं, पाणी भरणं हे तिचं काम, आणि ते ती तरुणपणी विधवा झाल्यापासून करत होती. वच्छला ओशाळली. फडकं बादलीत टाकत म्हणाली, “नाई जी. हात थांबत नाई, म्हणून.”

“थांबवा मंग. पाहुण्या आहा तुमी.” निर्मलाबाईनं बादली ओढून घेतली. मग जरा निरखून पाहिलं. “शहारेबाबूच्या बायको ना? वच्छलाबाई? नाव पाठ हाये मले तुमचं.”

“कसं काय?”

“तापात तेच तर बडबडत होते ना ते, रातदिवस.”

वच्छलाला वाटलं, काहीतरी ऐकण्यात चुकलं. “कोणत्या तापात?”

निर्मलाबाई फरशीवर टेकली आणि सांगू लागली. तिच्या दृष्टीनं ही जुनी, सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट होती. त्र्याहत्तरच्या पावसाळ्यात शहारेबाबूला विषमज्वर झाला. गोंदियाकडून आले तेच तापानं फणफणत. कोपऱ्यातल्या खोलीत पडून होते. लॉजवर मुक्कामाला असलेल्या बाकीच्या लोकांनी भैय्याजीला सांगितलं, ‘याला दवाखान्यात तरी टाक नाहीतर आम्ही जातो.’ दवाखाना पुराच्या माणसांनी भरलेला, वऱ्हांड्यातसुद्धा जागा नाही. भैय्याजीनं त्या लोकांना जाऊ दिलं. पावसाळाभर वरचा मजला रिकामा राहिला. डॉक्टर लॉजवर यायचा. निर्मलाबाई पेज करून चमच्यानं भरवायची. भैय्याजी स्वतः उशाशी बसून कपाळावरच्या पट्ट्या बदलायचा.

“केस तर असे झडले, मुठी मुठीनं. मंग मीच न्हावी बलावला,” निर्मलाबाई म्हणाली. “शुद्धीवर आले तशी पहिली शपथ घातली भैय्याजीले. म्हणे, घरी खबर द्यायची नाई. ते अवघडली हाये. ऐकलं तर पुरातून निंगन, गाडी जुंपून निंगन, पण आल्याबिगर राह्यणार नाई. काहून जी? तुमाले सांगतलं नाई त्याईनं?”

वच्छला उठली. खोलीत गेली. यादोराव नुकताच उठून खाटेच्या काठावर बसला होता. ती त्याच्यासमोर उभी राहिली आणि तिचा आवाज गॅलरीभर ऐकू जाईल इतका चढला.

“बारा वर्स! बारा वर्स झाले, उवा सांगता मले?”

यादोरावनं दाराकडं पाहिलं. तिथं निर्मलाबाई पदर तोंडाला लावून उभी. त्याला सगळं समजलं.

“तेव्हा कसा सांगू?” तो हळूच म्हणाला. “घरी आलो अन् चिंधूनं बाजेचं सांगतलं. म्हटलं, तिनं एवढं भोगलं, अन् मी आपलंच दुखणं घेऊन बसू?”

“मंग मागून सांगायचं होतं!”

“मागून तू बोलतच नवती.”

वच्छला खाटेच्या दुसऱ्या टोकाला बसली आणि रडायला लागली. रागानं रडत होती की आणखी कशानं, ते तिचं तिलाच कळत नव्हतं. तो मरून गेला असता आणि आपण इकडं त्याच्या नावानं बोटं मोडत बसलो असतो, हे तिला एकदम दिसलं. यादोराव जवळ सरकला, पण हात धरायचं धाडस त्याला झालं नाही. शेवटी तिनंच त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, जसे ते केस आत्ताच उगवले आहेत.

पुढचे दिवस वच्छलानं त्या जुन्या लॉजकडं वेगळ्याच नजरेनं पाहिलं. ती कोपऱ्यातली खोली तिनं उघडायला लावली. आत कुणी नव्हतं, एक लोखंडी खाट, कोनाडा आणि भिंतीवर यादोरावच्याच कारखान्याचं कॅलेंडर. दुपारी ती आणि निर्मलाबाई गॅलरीत पाय पसरून बसायच्या. निर्मलाबाईनं तिला झाडू धरू दिला नाही तो नाहीच. उलट एका दुपारी तिनंच वच्छलाच्या डोक्याला तेल लावून वेणी घातली. यादोराव तिला तलावावर घेऊन गेला, एकदा वरठीला नेऊन मुंबईकडं जाणारी गाडी दाखवली, बाजारातून पाण्याला पितळी गडवा घेऊन दिला. पण वच्छलाला मागं खेचायची ती लॉजची गॅलरीच. संध्याकाळी पितळ ठोकणारे थांबले की बाजारावर अशी शांतता यायची, की तिला तिचं घर आठवायचं आणि तरीही तिथून उठावंसं वाटायचं नाही.

निघायच्या दिवशी भैय्याजी खाली टेबलामागं बसला होता. आता तो म्हातारा झाला होता, गुडघे धरलेले, पण पानाचा डबा तसाच. यादोरावनं मोजा रिकामा केला, तशी बिल्ल्यांची रास पाहून भैय्याजी खदखदून हसला.

“अरे बाबू, एवढ्यात तर लॉजच तुझ्या नावानं करावं लागेल!” मग वच्छलाकडं वळून म्हणाला, “भाभी, सच सांगा. कसं वाटलं आमचं लॉज?”

वच्छलाला गुळमुळीत बोलता येत नव्हतं. “बादली गळते,” ती म्हणाली. “पंख्याले काठी लागते. गादीत कापसाच्या गाठी झाल्या आहेत, पाठीले रुततात.” भैय्याजी मान डोलवत राहिला. मग ती म्हणाली, “पण माहा माणूस इथं वाचला. मले मालूम नवतं जी. एवढे वर्स मी तुमाले मनातल्या मनात शिव्याच देल्या.”

भैय्याजीनं पानाचा डबा बंद केला. “अरे, मी काय केलं? बेमार पाहुण्याले कोणी रस्त्यावर टाकते काय?”

“टाकतात,” वच्छला म्हणाली. “तुमी नाई टाकलं.”

वच्छलानं दोन्ही हात जोडले. पण नुसत्या हात जोडण्यानं तिचं मन भरेना. “एक डाव आमच्या घरी या जेवाले,” ती म्हणाली. “तुमी अन् निर्मलाबाई. दूर हाये, पण या.”

यादोराव गडबडला. त्यानं तिला हळूच खूण केली. लॉजवर खोली देणं वेगळं, आणि खैरीसारख्या गावात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, बौद्धवाड्यात येऊन ताटावर बसणं वेगळं. उगाच त्या भल्या माणसाला अवघड कशाला करायचं, असं त्याला वाटलं. भैय्याजी म्हणाला, “येतो ना. थंडी कमी होऊ द्या.” वच्छलानंही ते सौजन्य म्हणूनच घेतलं.

पण थंडी कमी झाली, येत असल्याचा निरोप आला आणि मागोमाग तो आला. मेव्हण्याची जीप मागून घेऊन, पुढं ड्रायव्हरजवळ स्वतः आणि मागं निर्मलाबाई, मांडीवर शिंगाड्यांची पिशवी. गावात जीप आली म्हणून पोरं धावली. गावच्या जुन्या पाटलाचा मुलगा टिकाराम वाटेतच आडवा आला. भंडाऱ्याचा माणूस म्हटल्यावर त्यानं आदरानं हात जोडले. “शेठजी, जेवण आमच्याकडे घ्या. यादोरावकडे भेट देऊन या पाहिजे तर, पण पंगत आमच्याकडे. तयारी करायला लावतो.”

जीपचा आवाज ऐकून वच्छला दारात आली होती. पदराला हात पुसता पुसता तिनं ते ऐकलं.

“तुमची मेहरबानी,” भैय्याजी जीपमधूनच म्हणाला. “पण जेवाले मी यादोरावकडं आलो. त्याईनं महिनाभर आधी सांगून ठेवलं, आता बदलता येते काय?” आणि ड्रायव्हरला म्हणाला, “चल, पुढं घे.”

भैय्याजी मांसमच्छी खात नाही हे वच्छलाला माहीत होतं. तिनं बेसनाच्या पाटोडीचा रस्सा केला होता, लाखोरीच्या डाळीचं वरण, वांग्याची भाजी, आणि नव्या तांदळाचा भात. ओसरीवर पंगत बसली. समोरच्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती, भैय्याजीनं बसण्याआधी तिला नमस्कार केला. पार्वताबाईला डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं. ती चाचपत त्याच्याजवळ आली, त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि आपल्या कानशिलांवर कडकडा बोटं मोडली. “माह्या लेकाले वाचवलं बाप्पा तुमी,” एवढंच म्हणाली. त्या दिवशी भैय्याजीनं दोनदा रस्सा मागून घेतला, घामानं त्याचं कपाळ भिजलं, आणि निर्मलाबाई त्याला सारखी सांगत होती, “हळू जी, हळू. तिखट हाये ते.” कुंपणापलीकडून अर्धं गाव पाहत होतं. चंद्रकला वाढत होती. वच्छला दाराला टेकून उभी होती. कितीतरी वर्षं तिच्या पोटात हलणारा तो राग तिनं शोधून पाहिला, पण तो कुठं सापडला नाही.

लॉज आणखी दोन वर्षं चाललं. मग भैय्याजीचे गुडघे पार गेले, मुलांनी त्याला नागपूरला नेलं आणि इमारत कापडाच्या व्यापाऱ्याला विकली. तो गेल्याची खबर अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात आली. यादोराव आणि वच्छला नागपूरला जाऊन भैय्याजीच्या बायकोला भेटून आले. निर्मलाबाई अड्याळला भाचीकडं राहायला गेली.

भंडाऱ्याची एसटी अड्याळवरूनच जाते. दर साली धान घरात आलं की वच्छला नव्या तांदळाची थैली घेऊन तिथं उतरते. निर्मलाबाई थैलीत हात घालते, चार दाणे दाताखाली धरते आणि म्हणते, “यंदाच्या तांदळाचा भात गिच्च होईन बाई.” वच्छला म्हणते, “होऊ द्या, पेज चांगली होते.” मग दोघी परसात मोहाच्या सावलीत पाय पसरून बसतात, आणि शेवटची गाडी चुकेल असं भाचीनं दोनदा सांगितल्याशिवाय वच्छला काही उठत नाही.